तलावाचं लाइव्ह: पहिल्यांदा कॅमेरा रोवणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी कॅमेरा चुकीच्या जागी लावला. भरावावर, उंच, सगळा तलाव एका चौकटीत यावा म्हणून. चित्र देखणं आलं, पण त्यात काही घडताना दिसेना. टिटवी म्हणजे एक ठिपका. पाणी चढतंय की उतरतंय हे कळायला मार्ग नाही. बघायला आलेली माणसं अर्ध्या मिनिटात निघून जायची. मग खांब उपटला आणि सांडव्याच्या अलीकडे, पाण्यापासून चार मीटरवर, कमरेपेक्षा थोडा उंच रोवला. तेव्हापासून लोक थांबायला लागले.

हा लेख अशा लाइव्हबद्दल आहे ज्यात पडद्यावर बोलणारं कुणी नसतं. जागा असते, आणि त्या जागेचा कारभार असतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात २०२१ पासून एक कॅमेरा कालव्याच्या जुन्या दारापाशी पाण्याखाली बसवलेला आहे. वसंतात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या वरच्या अंगाला निघतात, आणि बोटी कमी असल्याने दार बंद असतं. घरबसल्या बघणाऱ्याला मासा दिसला की तो पडद्यावरची घंटा दाबतो आणि दारवान दार उघडतो. स्वीडनची सार्वजनिक प्रसारण संस्था २०१९ पासून दर वसंतात, नदी पोहून पलीकडे जाणाऱ्या मूस हरणांचं रात्रंदिवस प्रक्षेपण करते. तासन्‌तास काहीच होत नाही, तरी लोक बसून राहतात. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणी मोजायला जे पाणवठ्यावर मचाणावर बसले आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

मी उदाहरण पाझर तलावाचं घेतो, कारण माझा हात त्यावरच बसला आहे. १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर महाराष्ट्रात असे तलाव मोठ्या संख्येने बांधले गेले. बऱ्याच गावांच्या वरच्या अंगाला एखादा सापडेल. त्याचं मुख्य काम पाणी साठवणं नव्हे, मुरवणं. तलाव उतरतो तेव्हा खालच्या विहिरी तग धरतात. हा व्यवहार कॅमेऱ्यात पकडता आला तर तुमचं लाइव्ह नुसतं निसर्गदृश्य राहत नाही.

आधी पंधरा दिवस नुसतं बसा

खरेदी नंतर. पहाटे, भर दुपारी आणि दिवेलागणीला तलावावर जाऊन बसा आणि वहीत चारच गोष्टी लिहा: पाणी कुठून येतं, कुठे जातं, प्यायला कोण येतं, कोण कुणाला खातं. चौकट कुठे लावायची हे या वहीतूनच ठरतं.

एक उदाहरण देतो. उन्हाळ्यात शेवाळ दाट झालं की पहाटे मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करतात. रात्री त्याही तो वापरतात, आणि नव्याने मात्र काही तयार होत नाही. म्हणून पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी सगळ्यात कमी असतो. ऊन वर आलं की मासे पुन्हा खाली जातात. आमच्या तलावावर त्याच वेळी ढोकरी उथळ पाण्यात येऊन उभी राहते. एका चौकटीत शेवाळ, मासे, पक्षी आणि सूर्य, चौघांचा संबंध अर्ध्या तासात दिसतो. पण हे सांडव्याकडच्या उथळ कोपऱ्यातच दिसतं. भरावावरून मला ते वर्षभर दिसलं नसतं.

गावाशी बोलणं

कॅमेऱ्यापेक्षा याला जास्त वेळ द्या. तलाव ग्रामपंचायतीकडे आहे की एखाद्या सरकारी खात्याकडे, मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे, हे विचारून घ्या आणि परवानगी लेखी घ्या. वनहद्दीतला पाणवठा असेल तर वनविभागाकडे जा. अभयारण्यात चित्रीकरणाला वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार परवाना लागतो. तो मिळेपर्यंत तिथे खांब रोवायचा नाही.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. तलावावर बाया कपडे धुवायला येतात, पोरं पोहतात, आणि पहाटे त्या बाजूला कोण कशासाठी जातं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. यातलं काहीही चौकटीत येता कामा नये, एकदाही नाही. घाट आणि पायवाट कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहील अशीच दिशा निवडा. तरी कोपरा दिसत असेल तर बहुतेक आयपी (नेटवर्कला जोडायच्या) कॅमेऱ्यांत प्रायव्हसी मास्कची सोय असते. त्याने चौकटीचा तेवढा भाग कायमचा काळा करता येतो. जागा ठरली की मोबाइलवर थेट चित्र उघडून घाटावरच्या बायकांनाच दाखवा. आमच्याकडे एका काकूंनी पाहताक्षणी सांगितलं, "ते बाभळीखालचं दिसतंय, ते नको." कॅमेरा वीस अंश फिरवला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

चौकट ठरवताना

साधा हिशेब करा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या २.८ मिलिमीटर भिंगाच्या कॅमेऱ्याला साधारण १०० अंश रुंद दिसतं. तीस मीटरवर ती रुंदी सत्तर मीटरच्या आसपास जाते. फुल एचडी चित्राची रुंदी १९२० ठिपक्यांची, म्हणजे एका मीटरला सत्तावीस ठिपके. टिटवी फूटभर लांब, ती आठ-नऊ ठिपक्यांत संपते. तोच कॅमेरा चार मीटरवर आणला की तिला साठाहून अधिक ठिपके मिळतात आणि डोळ्याजवळचा लाल पडदाही ओळखू येतो. महाग झूमपेक्षा जवळ जाणं स्वस्त पडतं.

तोंड उत्तरेकडे ठेवलं तर सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगात शिरत नाही. आभाळ चौकटीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नका. कॅमेरा आभाळाच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि पाणी काळं पडतं. चौकटीत पाण्याची कड हवीच, कारण चिखल आणि पाणी मिळतात तिथेच सगळ्यात जास्त घडामोडी होतात.

पण ही कड जागेवर थांबत नाही. दिवाळीनंतर पाणी मागे सरकायला लागतं, आणि संक्रांतीपर्यंत तुमचा कॅमेरा कोरड्या ढेकळांकडे बघत बसलेला असतो. म्हणून सुरुवातीलाच तीन ठिकाणी पाइप पुरून ठेवा: वर, मध्ये आणि तलावाच्या पोटात. खांब एकाच जाडीचा ठेवा म्हणजे उचलून पुढच्या पाइपात बसवता येतो. वर्षातून दोन-तीनदा ही हलवाहलव करावी लागते, आणि ती करताना लाइव्ह चालू ठेवलेलं बघणाऱ्यांना आवडतं.

कॅमेरा घेताना फसू नका

सिमकार्ड आणि छोटं सोलर पॅनल असलेले कॅमेरे दिसायला सोयीचे. पण त्यातले बरेच बॅटरी वाचवायला झोपतात आणि हालचाल झाली की जागे होतात, तेही फक्त कंपनीच्या ॲपमध्ये. सलग प्रक्षेपणाला ते चालत नाहीत. खोक्यावर आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ हे शब्द आहेत का ते बघा. ते असले की कॅमेऱ्याचं चित्र दुसऱ्या यंत्राला सरळ उचलता येतं. पावसापाण्याला आयपी ६६ किंवा ६७ दर्जाचं कवच हवं.

जुना मोबाइल सरावाला उत्तम आहे, मेमधल्या उन्हाला नाही. तो तापून बंद पडतो, आणि चार्जिंगला लावून तसाच ठेवला तर बॅटरी फुगते.

रात्रीसाठी पांढरा झोत असलेला कॅमेरा नको. इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचा, घ्या. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा लालसर ठिपका अंधारात जाणवतो, ९४०च्या दिव्यांचा जाणवत नाही, पण त्यांचा पल्ला कमी. दिव्यांपाशी किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोरच जाळं विणतो. रात्री ते जाळं पांढरंशुभ्र चमकतं आणि मागचं काही दिसत नाही. लांब दांड्याचा मऊ ब्रश खांबालाच बांधून ठेवा, आठवड्याला एकदा तरी लागतो.

वीज

शंभर मीटरच्या आत घर किंवा भरवशाचं कनेक्शन असेल तर एकाच नेटवर्क केबलने वीज आणि डेटा दोन्ही नेता येतात. याला पीओई म्हणतात, आणि शंभर मीटर ही त्या केबलची मर्यादा. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, तिच्या भरवशावर राहू नका.

सोलरचा हिशेब असा. कॅमेरा, छोटा संगणक आणि राउटर मिळून पंधरा वॅट धरा. दिवसाला ३६० वॅट-तास. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी कागदावर १,२०० वॅट-तासांची असते, पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. हाती राहतात ६००, म्हणजे जेमतेम दीड दिवस. पॅनल किमान २०० वॅटचं घ्या. धूळ आणि ढग त्यातलं बरंच खातात. जुलैत सलग पाच दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा हेही पुरणार नाही, आणि त्यासाठी दुप्पट खर्च करण्याऐवजी पावसाळ्यात फक्त पहाटेचे तीन तास दाखवा असं माझं मत आहे.

वळवाच्या दिवसांत वीज पडण्याचा धोका खरा असतो. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारा) लावाच. आभाळ काळवंडायला लागलं की आधीच केबल काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर कितीही वाटलं तरी खांबाकडे जायचं नाही. कॅमेरा जळला तर दुसरा येतो.

नेट किती लागेल

एक आकडा पाठ करा: दर सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने सलग चोवीस तास पाठवलं तर साधारण ११ जीबी डेटा जातो. चांगल्या ७२० रेषांच्या चित्राला अडीच मेगाबिट धरले तर दिवसाला २७ जीबी. मोबाइलच्या दोन जीबी रोजच्या पॅकवर हे चालत नाही, त्यात दीड मेगाबिटचं चित्र जेमतेम तीन तास चालतं. म्हणून नवख्याने तीन तासांपासूनच सुरुवात करावी, पहाटे साडेपाच ते साडेआठ.

वेग तपासताना डाउनलोडकडे नाही, अपलोडकडे बघा. जेवढं पाठवायचं त्याच्या दुप्पट अपलोड हवं. आणि ही तपासणी दुपारी रिकाम्या वेळी करू नका, संध्याकाळी सगळं गाव मोबाइलवर असतं तेव्हा करा.

चित्र यूट्यूबवर पोचवणं

चॅनेलची फोन नंबरने पडताळणी करून लाइव्हची सोय चालू करा. पहिल्यांदा ती सुरू व्हायला चोवीस तास लागू शकतात, तेव्हा हे आदल्या आठवड्यातच उरका. मोबाइल ॲपवरून थेट जायला किमान ५० सदस्य लागतात. संगणकावरून एन्कोडर (चित्र यूट्यूबला पाठवणारं सॉफ्टवेअर) वापरून जायला ही अट नाही.

घरचा संगणक असेल तर ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात मीडिया सोर्स म्हणून कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता टाका, यूट्यूबची स्ट्रीम की (तुमच्या प्रक्षेपणाची गुप्त किल्ली) चिकटवा, सुरू करा. तलावावरच छोटं यंत्र ठेवायचं असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, कारण कॅमेऱ्याचं चित्र जसंच्या तसं पुढे ढकलायला फार ताकद लागत नाही. इथे नवखे तीन ठिकाणी अडकतात. कॅमेरा मुळात एच-२६५ या चित्र दाबून पाठवायच्या पद्धतीवर असतो, सेटिंगमध्ये जाऊन तो एच-२६४ करा. की-फ्रेमचं (दोन पूर्ण चित्रांमधलं) अंतर दोन सेकंद ठेवा. आणि ध्वनीचा पट्टा रिकामा सोडू नका. आवाज द्यायचा नसेल तर शांततेचा पट्टा जोडा, नाहीतर प्रक्षेपण सुरू झाल्यासारखं वाटतं आणि चित्र येतच नाही. माझे दोन दिवस यात गेले आहेत.

कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्या मिनिटाला बदला. स्ट्रीम की कुणाला दाखवू नका, ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या चॅनेलवर काहीही दाखवू शकतो. बारा तासांपेक्षा लांब प्रक्षेपणाची नोंद यूट्यूब आपोआप जपत नाही, म्हणून पुढेमागे चोवीस तास करायचं ठरवलं तरी दिवसाचे तुकडे पाडा.

आवाज

कॅमेऱ्यातला माइक फारसा उपयोगाचा नसतो. वेगळा माइक घ्या, त्याला फरसारखं केसाळ आवरण घाला नाहीतर नुसता वारा ऐकू येतो. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात आणि तलाव अक्षरशः दणाणतो. तो आवाज चित्राशिवायसुद्धा पुरेसा आहे.

खरं तर ज्यांच्याकडे पैसे आणि नेट दोन्ही कमी आहेत त्यांनी फक्त आवाजाचं लाइव्ह करावं. १२८ किलोबिटचा ध्वनी चोवीस तास पाठवला तरी दीड जीबीच्या आत बसतो. दोन जीबीचं रोजचं पॅक त्याला पुरतं, आणि तलावावर येणाऱ्यांच्या खाजगीपणाचे निम्मे प्रश्न मिटतात. लंडनची साउंडकॅम्प ही मंडळी २०१४ पासून दर मेच्या सुरुवातीला जगभरच्या अशा उघड्या माइकांवरून पहाटेचे आवाज, सूर्योदयाच्या मागोमाग फिरत, चोवीस तास ऐकवतात. आइसकास्ट हे मोफत सर्व्हर-सॉफ्टवेअर अशा कामाला चालतं.

माइक पायवाटेपासून लांब ठेवा, बोलणी ऐकू येता कामा नयेत. आणि लग्नसराईत वरातीचा डीजे किंवा देवळाचा भोंगा माइकमध्ये शिरला तर गाण्याच्या हक्कावरून यूट्यूब प्रक्षेपण थांबवू शकतं. गावात कार्य असेल त्या दिवशी आवाज बंद ठेवा.

मोजपट्टी आणि वही

पडद्यावर तापमान, पातळी, आर्द्रता असे आकडे नाचवायचा मोह होईल. आकडे चित्रावर छापायचे तर चित्र पुन्हा एन्कोड करावं लागतं, छोटं यंत्र दमतं आणि वीज वाढते. त्यापेक्षा पाण्यातच एक मोजपट्टी रोवा: जाड पाइप, पांढरा रंग, दर पाच सेंटिमीटरला काळी रेघ, दर पन्नासला मोठा आकडा. ती चौकटीत आली की कुणीही, कधीही पातळी वाचू शकतं. कॅमेरा हलवाल तेव्हा नवी पट्टी रोवून जुनीशी पातळी जुळवून घ्या.

रोज सकाळी साडेआठला तीन आकडे लिहा: तलावाची पातळी, चोवीस तासांचा पाऊस, आणि खालच्या एका विहिरीत काठापासून पाणी किती खोल आहे ते. साडेआठ अशासाठी की हवामान विभाग पावसाचा दिवस तिथेच मोजतो, म्हणजे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येतो. हे तीन आकडे लाइव्हच्या वर्णनात रोज टाका.

दुष्काळी पट्ट्यात उन्हाळ्यात उघडं पाणी नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला आठ-दहा मिलिमीटर उतरू शकतं. पण पट्टी दिवसाला तीस मिलिमीटर उतरताना दाखवत असेल आणि पंप लावून पाणी कुणी उपसत नसेल, तर उरलेलं जमिनीत चाललं आहे. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतं, "पाणी गेलं कुठे?" तेव्हा विहिरीचा आकडा दाखवायचा. गाळ साचलेल्या तलावात हेच मुरणं कमी होत जातं. दोन-तीन वर्षांची वही हाती असेल तर गाळ काढायचा की नाही या चर्चेत तुम्ही अंदाजाने बोलत नाही.

काय दाखवायचं नाही

तलावाचं नाव, तालुका, नकाशावरचा बिंदू देऊ नका. मागचा डोंगर ओळखू येत असेल तर चौकट खाली घ्या. घुबड, खवले मांजर, तारा कासव यांना पकडणारे लोक आहेत, आणि लाइव्ह म्हणजे त्यांना घरबसल्या पहारा. असं काही दिसलं तर प्रक्षेपण थांबवा आणि तो भाग चॅनेलवरून काढून टाका.

प्राण्यांना बोलवायला दाणे टाकणं, रेकॉर्ड केलेली शीळ वाजवणं, दोन्ही नाही. दिवडाने बेडूक गिळला तर मध्ये पडू नका, पण तेच चित्र जाहिरातीसारखं पुढेही करू नका. मार्च ते मे टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. भर दुपारी ती पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, ती थंड राहावीत म्हणून. त्या वेळी भिंग पुसायला जाऊन तिला उठवलंत तर उन्हात अंडी भाजतात. खांबाकडचं सगळं काम संध्याकाळी करा.

तलाव आटतो तेव्हा

बरेच पाझर तलाव मार्च-एप्रिलमध्ये कोरडे पडतात. तेव्हा लाइव्ह बंद करायची घाई करू नका. शेवटच्या डबक्यात मासे गोळा होतात, बगळे जमतात, आणि चार-सहा दिवस वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते. नंतर भेगाळलेला चिखल, त्यावर उमटलेली पावलं. पाणी संपल्यावर आणखी आठवडाभर पहाटेचं प्रक्षेपण ठेवा आणि मगच कॅमेरा उतरवा. बॅटरी घरी आणून चार्ज करून ठेवा, केबलचे सांधे तपासा, उंदरांनी कुरतडलेला तुकडा बदला. मेच्या शेवटच्या आठवड्यात खांब पुन्हा वरच्या पाइपात नेऊन बसवा. पहिला पाऊस रात्री येतो असं गृहीत धरा, आणि जून लागला की माइक चालू ठेवूनच झोपा.